साखर, रक्ताची गुठळी आणि आमची माय

काल दुपारी आमची माय गेली.

ती नसती, तर बाबांचा उजवा पाय पस्तीस वर्षांपूर्वीच गेला असता. कदाचित बाबाही.

फोटो टाकून दोन ओळी लिहिणार होते. पण मायचं काम दोन ओळींत मावणारं नाही.

आमच्या वांकिडीत, तेलंगणाच्या सीमेवरच्या गावात, तिला सगळे मास्तरीनबाई म्हणायचे, कारण बाबा शाळेत मास्तर. ती स्वतः एक दिवस शाळेत गेली नाही. लग्नाआधी गावातल्याच लोकांच्या वावरात कापूस वेचायची.

बाबांना शुगर होती. गोळ्या आणून ठेवायचे. मनात आलं तर घ्यायचे.

मी तेव्हा आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, दसऱ्याच्या सुट्टीत घरी आलेले. सकाळी बाबा बाजारात निघाले आणि ओसरीतच खाली बसले.

"पायात गोळे येऊन राह्यले. मुंग्या बी. उजवा तं बधिरच झाला."

मायनं त्यांच्या दोन्ही पायांवर हात ठेवला.

"एक पाय गरम अन् एक गार काऊन?"

शेजारचे काका म्हणाले, वात आहे, वीट तापवून शेका.

माय उठून उभी राहिली. "ज्या पायाले चटका समजत नाही, तो पाय शेकाचा? दवाखान्यात न्याचा. आत्ताच."

"अवं, उद्या पाहू ना," बाबा म्हणाले.

"उद्या नाही."

बस दुपारी होती. माय रस्त्यावर गेली आणि चंद्रपूरकडे निघालेला कापसाचा ट्रक हात करून थांबवला. आम्ही तिघं केबिनमध्ये. वाटभर तिचा हात बाबांच्या पायावरच होता. राजुरा आलं तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "अजून गार झाला."

एवढंच. रडली नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पायाची नाडी शोधली. लागेना.

"गुठळी आहे. पायाचं रक्त अडलंय."

रक्त गोठू न देणारं इंजेक्शन देऊन त्यांनी लगेच नागपूरला पाठवलं. तिथं ऑपरेशन करून गुठळी काढली. करंगळी काळी पडली होती, ती गेली. पाय राहिला.

दोन दिवसांनी मोठे डॉक्टर वॉर्डात आले. माय त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, शुगर तं रगतात. मंग पाय काऊन बंद पडला?"

डॉक्टर हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.

"बाई, जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी असतात आपल्या रक्तात. साखर कायम चढलेली असली की त्या चिडतात. गरज नसताना एकमेकींना चिकटतात. वर, झालेली गुठळी विरघळवायचं शरीराचं कामही मंदावतं. नसाही आतून खराब होतात."

"म्हंजे पाक जास्त आटला का घट्ट होते, तसं?"

"तसं नाही. रक्ताचा पाक होत नाही. रक्ताचा स्वभाव बदलतो."

मायनं विचारलं, "साखर उतरवली तं सोभाव सुधरते काय?"

"बराचसा. परत गुठळी होणारच नाही अशी हमी नाही देत मी. पण धोका कमी होतो. आणि तंबाखू आजपासून बंद."

मायनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी खिडकीकडं पाहिलं.

घरी परत आल्यावर मायचा कारभार सुरू झाला.

बोटाला टोचून शुगर बघायची मशीन तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलीही नव्हती. काचेच्या नळीत निळं सोल्युशन घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं झालं की साखर आली. विटेसारखं लाल झालं तर फारच.

मायला अक्षर येत नव्हतं. रंग येत होते.

महिनाभर सगळं निळं. मग मी घरी आले असताना एका संध्याकाळी नळी लालभडक.

"सोल्युशन खराब झालं असन," बाबा म्हणाले.

मायनं दुसरी नळी घेतली, स्वतःचीच लघवी तपासली. निळीशार.

"सोल्युशन चांगलं हाय. मास्तर खोटं बोलून राह्यले."

मी तोंडाला ओढणी लावून हसले. बाबांना कुठं पाहावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माय थेट शाळेसमोरच्या चहाच्या हॉटेलात. सगळा स्टाफ बसलेला, बाबांच्या हातात ग्लास. तिनं तो काढून घेतला, चव पाहिली आणि हॉटेलवाल्या अण्णांना तिच्या तेलुगूत सांगितलं,

"अन्ना, सारकु चक्केर वद्दु."

म्हणजे सरांना साखर नको.

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बिनसाखरेचा चहा घ्यायला लागले. भाकरी मोजून, गोळ्या वेळेवर, रोज झोपायच्या आधी दोन्ही तळवे मायला दाखवायचे. तंबाखू सुटायला वर्ष गेलं, पण सुटली.

मग लोक यायला लागले. कुणी नवऱ्याला घेऊन, कुणी सासूला. पाटलांच्या घरचेही आमच्या ओसरीत येऊन बसले, ज्यांच्या वावरात माय कधीकाळी वेचणीला जायची. ती सगळ्यांचे पाय हातात घेऊन बघायची.

"मी डाक्टर नोहो," म्हणायची. "लाल आलं तं चंद्रपूरले जा. पाय गार लागला तं तिथंच पळा, उद्यावर ठेवू नका."

किती जण तिच्यामुळे वेळेवर पोचले, मला माहीत नाही. तिनंही कधी मोजलं नाही.

आज सकाळी बुद्धवंदना झाली आणि आम्ही तिला घेऊन निघालो. बाबांसाठी जीप उभी होती. ते बसले नाहीत. ऐंशीच्या पुढचा माणूस, ऊन चढलेलं, तरी शेवटपर्यंत चालत आले.

मी विचारलं, "बाबा, दमले काय?"

"नाही. तिच्या मांगं चालाची सवय हाय मले."

माय, सुखानं जा. तुझ्या मास्तरांच्या गोळ्या मी दिल्या आहेत.

तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा जय भीम.