तीन शुक्रवारचा डबा

आधी चहा घ्या, मग सांगते. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा कधी तुमच्या घरच्या आजाऱ्याजवळ बसू द्याल असं वाटत नाही. चांगलं करायला गेले आणि एका म्हातारीचं ऑपरेशन बुडवलं. तेही एकदा नाही, तीनदा. एकदा बुडवलं असतं तर चूक म्हणून सोडून तरी दिलं असतं लोकांनी.

आम्ही तेव्हा बारामतीत राहत होतो. घरात नुकताच फोन आला होता, तोही वाजायचा कमी आणि पुसला जायचा जास्त. लेंटचे दिवस सुरू झाले होते, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचे उपवासाचे चाळीस दिवस. आणि मला नवस करायची भारी हौस. हे तर म्हणायचे, "तुझ्या नवसांसाठी वेगळं कपाट करावं लागणार."

त्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की नुसतं स्वतःचं पोट उपाशी ठेवून काय होतं, तुमचा घास भुकेल्याच्या तोंडात पडला पाहिजे. झालं. मी तिथंच बाकावर बसल्याबसल्या नवस केला. दर शुक्रवारी माझ्या वाटणीचं जेवण रांधायचं, डब्यात भरायचं, दवाखान्यात जायचं आणि जो पहिला उपाशी भेटेल त्याला खाऊ घालायचं. आपलं नाव सांगायचं नाही, त्याबद्दल कुणापाशी बोलायचं नाही, आभार घ्यायला थांबायचं नाही.

या न थांबण्यानंच घात केला बघा.

पहिल्या शुक्रवारी सकाळी नऊला मी डबा घेऊन आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात शिरल्याबरोबर दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी. कपाळावर ठसठशीत गोंदण, हातभर हिरवा चुडा, आणि चेहरा असा की दगडाला पाझर फुटावा.

"आजी, जेवलात का?"

"कुठलं जेवान, बाय. काल रातच्यापासून पोटात कण न्हाय. पानी सुदिक देत न्हाईत."

"कोण देत नाही?"

"समदीच," आजी म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

मी डबा उघडला. ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आजींनी आधी दाराकडं पाहिलं, मग भाजीकडं. पाच मिनिटांत डबा लख्ख. मी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले आणि कुणी पाहायच्या आत निघाले. घरी येऊन दिवसभर उपाशी राहिले, पण काय समाधान सांगू.

आता जे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. या आजी म्हणजे हौसाबाई, डाळज गावच्या. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दुखायला लागलं की त्या गुरासारख्या ओरडायच्या. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर पुण्याहून यायचे, तेही आठवड्यातून एकदाच. कोणत्या वारी? शुक्रवारी. आणि ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं.

मी गेल्यावर अर्ध्या तासात सिस्टरनं हौसाबाईंच्या दातात मेथीचं पान पाहिलं. ऑपरेशन रद्द. दुसऱ्या शुक्रवारवर ढकललं.

दुसऱ्या शुक्रवारी मी पुन्हा हजर. त्याच खाटेवर त्याच आजी, तसाच पदर डोळ्याला.

"आजी, आजही उपाशी?"

"शुक्रवार आला की उपाशी ठिवत्यात मला. बाकीच्या दिशी दोन घास टाकत्यात."

हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल? दर शुक्रवारी म्हातारीला उपाशी ठेवणारी ही माणसं कोण? मी पिठलं वाढता वाढता विचारलं, "सोबत कोण आहे तुमच्या?"

"सून हाय, मंगल. भाईर बसलीया."

बाहेर व्हरांड्यात खरंच एक सावळी, किडकिडीत पोरगी भिंतीला टेकून बसली होती. आता नवसात उपदेश करायचा नाही असं कुठं होतं? मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "हे बघ मंगल, सासू म्हणजे आईच असते. म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून आपल्याला घास कसा गोड लागेल?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमी कोन?"

"कुणी का असेना," मी म्हणाले, आणि डबा पदराखाली धरून रुबाबात जिना उतरले.

तिसऱ्या शुक्रवारी मी गव्हाची खीर केली. गूळ, खोबरं, वेलची, सगळं घालून. सोबत मऊ भात आणि वरण. आजींनी खीर चाटूनपुसून खाल्ली, रिकामा डबा माझ्या हातात दिला, आणि तेवढ्यात जिन्यावर आवाज आला. कधी नव्हे ती मी थांबले.

सिस्टर पुढं, मागं आजींचा मुलगा दत्तू, कारखान्यातून रजा टाकून आलेला, आणि त्याच्या मागं मंगल. सिस्टरनं वाकून आजींचं तोंड हुंगलं.

"वेलची," सिस्टर म्हणाली. "आजी, आज खीर का?"

"द्येवानं दिली," आजी म्हणाल्या.

दत्तू बायकोकडं वळला. "तिसरा शुक्रवार हाय ह्यो. देव येऊन भाकरी थापतोय व्हय? तूच चारतीस. आईचं आपरेशन होऊच नये असं वाटतंय तुला."

"मी न्हाई वो दिलं."

"मग कुनी दिलं? चल, पिंपळीला सोडतो तुला. ऱ्हा आता म्हायेरीच."

मंगलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती खाटेखालची आपली पिशवी काढून उभी राहिली. आजी छताकडं बघत होत्या. आणि मी? माझ्या पदराखाली खिरीचा डबा, आणि मनात नवस. कुणापाशी बोलायचं नाही म्हणून देवाला शब्द दिलेला. पण त्या पोरीची पिशवी बघून वाटलं, प्रभू, माझा नवस राहू दे, हिचं घर राहू दे.

"मी दिली खीर," मी म्हणाले. "मेथी पण मीच. पिठलं पण मीच."

सिस्टरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "का हो बाई? आम्ही काय वाकडं केलंय तुमचं?"

मी सगळं सांगितलं. दत्तू मान खाली घालून नखं बघत बसला. मग आजीच बोलल्या. "तिला कशाला बोलताय? मीच खाल्लं. पोटावर सुरी चालवून घ्यायची मला भ्या वाटती."

"अगं आये, मग मंगलवर आळ आला तवा का न्हाई बोललीस?" दत्तू म्हणाला.

"मी कुठं घेतलं हुतं तिचं नाव?"

मी मंगलचा हात धरला. म्हटलं, "माफ कर गं. तुला नको नको ते बोलले."

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "आत्याबाई उपाशी म्हनून शुक्रवारी मी बी पान्याचा घोट घेत न्हाई. तुमचं ते बोलनं ऐकून लई लागलं हुतं एवढंच."

म्हणजे बघा. तीन शुक्रवार त्या दवाखान्यात भुकेलेलं माणूस खरोखरच होतं. व्हरांड्यात बसलेलं. त्याला मी उपदेश वाढला आणि खीर दुसरीकडं. मी घाईघाईनं डबा तिच्यापुढं धरला. तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. आत चमचा तेवढा होता.

चौथ्या शुक्रवारी सिस्टरनं एक युक्ती केली. हौसाबाईंच्या राखणीला मलाच बसवलं. "तुम्ही समोर असलात की दुसरं कोण देणार?" डबा मंगलच्या मांडीवर, व्हरांड्यात. दत्तूनं तिला स्वतः हॉटेलातून चहा आणून दिला होता. आणि मी खाटेजवळ, हाताची घडी घालून.

"बाय, एक घास."

"नाही आजी."

"चटनी तरी बोटाला लाव."

"नाही."

भुकेल्याला खाऊ घालायचा नवस केलेली मी, दोन तास एका भुकेल्या म्हातारीला नाही म्हणत बसले. शेवटी आत न्यायला गाडी आली. पुण्याच्या डॉक्टरांनी दारातच विचारलं, "काय आजी, आज पोट रिकामं ना?"

हौसाबाईंनी माझ्याकडं बोट केलं आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही बाय तीन आठवडं माझ्या बाजूनं हुती. आज फितूर झाली."