गाळलेलं कडवं

शिंपीकाकांनी त्या दिवशी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. नमुना उलटवायचाच विसरले. हयात कात्रीत गेलेल्या माणसाकडून हे व्हावं, म्हणजे चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेकीने सकाळीच बजावलं होतं, "बाबा, आज त्यांना काय ते सांगून टाका."

'त्यांना' म्हणजे गटारसफाईचं काम करणाऱ्या मामांना; सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांच्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं आणि मामा संध्याकाळी भजनाला येणारच होते.

गंमत बघा, मामांना भजनात आणलं काकांनीच. दुकानात दर आठवड्याला ते एका जुन्या संतकवीची पदं म्हणत. तो संतही शिंपीच, देवळाच्या पायरीवरून हाकललेला. त्याच्याच पदांच्या जोरावर काकांनी मामांना आत घेतलं. गिऱ्हाइकं तुटली, भावाने बोलणं टाकलं, काका बधले नाहीत. लोक सुधारक म्हणू लागले. काकांना ते आवडायचंही. मामा मात्र दाराशीच बसत आणि 'पुढे या' असं काका कधी म्हणाले नव्हते.

"घरात घेणं वेगळं, घरातली मुलगी देणं वेगळं," काका पुटपुटले.

"मग तसं पदातच लिहायचं होतं की तुमच्या संताने," काकू काज करता करता म्हणाल्या.

काका उठले, बसले, पुन्हा उठले. मशीनला उगाच तेल घातलं.

संध्याकाळी मंडळी जमली. मामा दाराशी टाळ घेऊन बसले. काकांनी नेहमीचं पद धरलं. दुसरं कडवं झालं आणि काकांनी थेट शेवटचं उचललं. त्यांच्यामागून कोणी ओळ ओढलीच नाही. पेटी थांबली. मामांनी टाळ मांडीवर ठेवले आणि ते खाली बघत राहिले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आतल्या दारातून काकूंनी गाळलेलं कडवं म्हटलं, बेसूर पण ठणठणीत:

"एकाच ताग्याचे आपण सारे,
कोण उंच आणि कोण खाली रे?"

काका उठले. सगळ्यांना वाटलं, बाई मध्ये बोलल्या म्हणून चिडले. ते माणसांमधून वाट काढत दाराशी गेले आणि मामांच्या शेजारी, चपलांना टेकून बसले.

"व्याही," ते म्हणाले, "जरा टाळ धरा. माझा ताल चुकतोय."

मग त्यांनी ते कडवं पुन्हा घेतलं. गाणारा मागे गेल्यामुळे सगळ्यांना दाराकडे तोंड करून बसावं लागलं.