राणीच्या पोराची दाढी

न्हावी बोलका असतो, त्यात काही नवल नाही. पण हा न्हावी ऐकणारा होता. समोरचा बोलायला लागला की ह्याची कात्री आपोआप हळू व्हायची, आणि माणूस सासूपासून साहेबापर्यंत सगळं ओकून मोकळा व्हायचा. उठताना म्हणायचा, अरे, मी तर केस कापायला आलो होतो. त्याला सगळे मिशीवाला म्हणायचे. मिशीच तशी होती. दोन्ही टोकं वर वळवलेली, रोज मेण लावून बसवलेली. बायको म्हणायची, माझ्या वेणीला लागत नाही एवढा वेळ ह्यांच्या मिशीला लागतो.

दुकान पायऱ्या उतरून खाली, रस्त्यापेक्षा खोल. आत बसलं की काचेतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पायच तेवढे दिसायचे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, मागच्या बाजूला मोरी आणि टॉवेल वाळत घालायची दोरी. त्या दोरीखाली स्टुलावर तात्या बसायचे. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत बसायचे. आता सगळीकडे पातं बदलायचे वस्तरे आलेत, पण तात्यांचा जुना होता, आणि त्याला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. परजताना तोंडानं हळूच काहीतरी गुणगुणायचे. पट्टा खाली गेला की सूर खाली, वर आला की सूर वर. बारीक आवाज, अगदी बाईसारखा.

आठवड्याच्या सुट्टीला दुकान बंद असायचं, म्हणजे बाहेरून बंद. शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि दुपारी त्याच्याखालून वाकून एकेक माणूस आत यायचा. कोण? तर चोरून गाणारे, चोरून लिहिणारे, चोरून चित्रं काढणारे. चोरून म्हणजे काही दरोडे घालत नव्हते बिचारे. पण कुणाच्या घरी आवडत नव्हतं, कुणाच्या साहेबाला आवडत नव्हतं, आणि मोठ्या सभागृहात ह्यांना कोण उभं करणार? एक नळवाला होता. दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि उरलेल्या पाइपांतून वाद्यं बनवून वाजवायचा. त्याची बायको म्हणायची, पाइपातून सूर काढता ना, मग आधी घरातल्या नळातून पाणी काढा. एक नर्सबाई होती. कविता करायची. इस्पितळात कळलं तर म्हणतील रोग्यांवर लिहिते, म्हणून लिहायचीच नाही, सगळं तोंडपाठ ठेवायची.

ह्या माणसांना मिशीवाला एकेक करून खुर्चीत बसवायचा. त्याची रीत ठरलेली. तोंड आरशाकडे, गालाला फेस, बाई असेल तर केसांची टोकं कापायची, आणि हा मागे उभा. नर्सबाईचा फोन कंगव्यांच्या ताटलीत ठेवलेला, बोलणं भरून घ्यायला. मिशीवाला म्हणायचा, माणसाच्या तोंडाकडे बघून माणूस खरं बोलत नाही, आरशाकडे बघून बोलतो. पहिला प्रश्न नेहमी तोच असायचा, "हे तुझ्यात आलं कुठून? घरी कोण होतं?" आणि बघ, एवढा साधा प्रश्न, पण मोठमोठी माणसं त्यावर गप्प व्हायची. एखाद्याला आजी आठवायची, एखाद्याला दारू पिणारा काका. मग गाडी सुटायची ती सुटायचीच. नर्सबाई ते बोलणं, बोलणाऱ्याचं नाव न सांगता, ओळखीच्यांना पाठवायची, ते पुढे आणखी कुणाला. होता होता कुठल्या कुठल्या गावची माणसं मिशीवाल्याची खुर्ची ऐकायला लागली.

आता तात्या कोण, ते सांगायचं राहिलंच. तात्या ह्याचे वडील. सख्खे, जन्मदाते. पण दुकानात येणाऱ्या त्या मंडळींपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं. तात्या तरुणपणी फिरत्या नाटक कंपनीत होते. सकाळी कंपनीतल्या लोकांच्या दाढ्या करायच्या आणि पडदा उघडला की राणी व्हायचं. राणी, सून, विधवा, जे असेल ते, पण बाईचं. रूप असं की पुढच्या रांगेतल्या बायका त्यांच्या लुगड्याचा काठ बघून घ्यायच्या. म्हणून तर त्यांनी आयुष्यात कधी मिशी ठेवली नाही. कंपनी बुडाली, तरी रोज सकाळी वरचा ओठ गुळगुळीत करायची सवय सुटली नाही.

आणि मिशीवाल्याचं बालपण गेलं पोरांच्या चिडवण्यात. "ए राणीच्या, चेंडू आण." "राणीचा पोरगा नाचून दाखवेल." एकदा कंपनीचा मुक्काम गावातच होता, आणि तात्या रात्रभरचा खेळ आटपून परस्पर शाळेत डबा द्यायला आले. डोळ्यांतलं काजळ पुरतं निघालं नव्हतं. वर्गात नव्या आलेल्या पोरांनी विचारलं, हा कोण रे? हा म्हणाला, आमच्याकडे कामाला आहे. डबा घेतला आणि मागे न बघता वर्गात पळाला. तात्यांनी ऐकलं नसावं, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली, आणि मिसरूड फुटल्या दिवसापासून मिशी राखली.

पुढे नळवाला पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्यानं स्टुलाकडे हात करून विचारलं, "हे कोण?" त्याच्या थोडंच आधी तो म्हणाला होता, "ते कंपनीवाले तोंडाला रंग फासून नाचायचे, त्याला काय कला म्हणायची?" मिशीवाला कात्री पुसायला लागला. म्हणाला, "तात्या. जुने आहेत दुकानात." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. तात्या वस्तरा परजत राहिले. त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी ते आपणहून कामगारासारखे वागायला लागले. चहा आणून द्यायचे, फेस करून द्यायचे, आणि मंडळी बोलत असली की मोरीपाशी जाऊन बसायचे. एकदा चुकलं की दुसऱ्यांदा सांगायला तोंड उरत नाही. असं करत करत किती सुट्ट्या गेल्या.

एके दिवशी मंडळींनी ठरवलं, आज मिशीवाल्यालाच खुर्चीत बसवायचं. हा नको नको म्हणतोय, नळवाल्यानं खांदे धरून बसवला. आता दाढी कुणी करायची? नर्सबाई हसून म्हणाली, "मी सुई टोचते, वस्तरा मला जमणार नाही." नळवाला म्हणाला, "तात्या आहेत की. काय तात्या, मालकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवायची संधी आली बघा." सगळे हसले. तात्याही हसले. उठले, हात धुतले, ह्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. लहानपणी बांधायचे तसंच, मागे दोन बोटं सैल.

नर्सबाईनं ह्याचाच प्रश्न ह्याला विचारला. "हे तुमच्यात आलं कुठून? घरी कोण होतं?"

आरशात समोर तात्यांचा चेहरा होता. फेसानं भरलेला आपला, आणि मागे त्यांचा. बोलायचं तर आत्ता, असं त्याला वाटलंही. पण नळवाला कान देऊन बसला होता, फोन चालू होता, आणि तो शाळेच्या दारातला पोरगा काही मेला नव्हता. तो म्हणाला, "घरी? आमच्या घरी कोणाला कलेचं वारंसुद्धा लागलेलं नाही. बाप दाढ्या करायचा, बस. त्याला सुरातलं काय कळतंय."

वस्तरा थांबला नाही. थांबला असता तर बरं झालं असतं, हे त्यानंच नंतर बायकोला सांगितलं. हनुवटीखालून कानापर्यंत सरळ फिरला, जराही न अडखळता. तात्यांनी तुरटी लावली, कापड झटकलं आणि टॉवेल धुवायला गेले.

बोलणं लोकांकडे गेलं. वाहवा आली. कुणी म्हटलं, बघा, खडकावर झाड उगवतं ते असं. एकेक शब्द ह्याला चाबकासारखा लागत होता. त्यात घरी बायकोनं भाजी चिरता चिरता फोनवर ते लावलं. तात्या शेजारच्या खोलीत जेवत होते. ते वाक्य आलं तशी तिनं फोन उलटा करून ठेवला.

"सुरातलं काय कळतंय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आपल्या पोरीला रोज गाऊन झोपवलं कुणी? तुम्ही?"

"हळू बोल."

"आता हळू बोलू? तुम्ही तर गावभर सांगून आलात. जगाला विचारत फिरता घरी कोण होतं, घरी कोण होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. आणि कळसासुद्धा लाथाडलेला."

आतून तात्यांचा आवाज आला, "सूनबाई, भात आहे का थोडा?" एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून वस्तरा परजताना त्यांचं गुणगुणणं बंद झालं. नुसता पट्ट्याचा आवाज, सप सप, सप सप. रोजची गिऱ्हाइकं विचारायला लागली, तात्या, घसा बसला का? ते म्हणायचे, हवा बदलली. आणि मिशीवाल्याला भर दुकानात, आपल्याच आरशासमोर, तोंड लपवायला जागा सापडेना. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर वर गेली की आपणच दिसायचो, ती ऐट करून बसवलेली मिशी घेऊन.

पुढच्या सुट्टीला मंडळी जमली. ह्यानं नर्सबाईला म्हटलं, "आज माझा पाहुणा आहे." आणि तात्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. तात्या म्हणाले, "अरे, काय करतोस?" लगेच सावरून म्हणाले, "काय करताय?" ह्यानं स्टुलावर राहिलेला वस्तरा उचलला, ब्रश फिरवला, गाल फेसानं भरले. नळवाल्याला वाटलं गंमत चाललीय. पाय पसरून बसला.

"हे तुमच्यात आलं कुठून, तात्या?"

"काय आलं?"

"गाणं."

तात्यांनी आरशातून ह्याच्याकडे पाहिलं. मग नळवाल्याकडे, मग फोनकडे. आणि अगदी गरीब तोंड करून म्हणाले, "मालक, तुम्हाला कुणी काहीतरी सांगितलंय. मला कुठलं गाणं? मी दाढ्या करणारा माणूस. आमच्या घरात कोणाला कलेचं वारंसुद्धा लागलेलं नाही."

पोरानं टाकलेला शब्द बापानं उचलून धरला, बघ. पोरगा खोटा पडू नये म्हणून. टोमणा असता तर ह्यानं सोसला असता. पण त्यात टोमणा नव्हता. ह्याचा हात ब्रशासकट तसाच राहिला, फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"मालक नका म्हणू," तो म्हणाला.

"बरं."

"हे माझे वडील आहेत." हे तो आरशाला म्हणाला, मान वर न करता. "मी खोटं बोललो. हे कंपनीत राणी व्हायचे. माझ्यात जे काही आहे ते ह्यांचं ऐकून आलंय. मी लहानपणी पडद्यामागे ह्यांच्या पेटीवर झोपायचो."

नळवाला हसायला गेला आणि मध्येच थांबला. वर रस्त्यावरून पाय जात होते.

तात्या म्हणाले, "बाई, ते यंत्र बंद करा."

"राहू दे चालू," मिशीवाला म्हणाला.

"राहू दे तर राहू दे." तात्यांनी आरशात स्वतःकडेच पाहिलं. "शाळेच्या दारात म्हणाला होतास, कामाला आहे. तेसुद्धा ऐकलं होतं मी. तुझं चुकलं नव्हतं. काजळ पुसून यायला हवं होतं मी. पण डबा गार झाला असता."

धरणी दुभंगून पोटात घेत नाही, तेवढ्यासाठी उभं राहायचं. ह्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नाही, एका हातात ब्रश, दुसऱ्यात वस्तरा. तात्यांचाच वस्तरा.

नळवाला उठून जवळ आला. मान खाली. "तात्या, मी त्या दिवशी रंग फासून नाचणारे म्हणालो ते..."

"नाचायचो की. त्यात काय खोटं?" तात्या म्हणाले. "फक्त रंग फासायचा नसतो. लावायचा असतो." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आणि तू रडून घे नाहीतर दाढी कर. साबण वाळतोय. वरच्या ओठावर जपून, तिथं एक केस राहिला तर राणी होता येत नाही."

ह्यानं बापाची दाढी केली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तात्या मधूनमधून सांगत होते, हलका धर, कातडी ताण. वरचा ओठ झाला तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझी मिशी काढून टाकू का?"

"कशाला? ठेव. तुला शोभते. मला काही कधी ठेवता आली नाही."

माफ केलं, असं काही ते म्हणाले नाहीत. ह्यानंही माफी मागितली नाही, कुठल्या तोंडानं मागणार? बोलणं जसंच्या तसं लोकांकडे गेलं. पुष्कळांनी निरोप पाठवले, त्या म्हाताऱ्यांना एकदा गायला सांगा. तात्या फोनसमोर कधी गायले नाहीत. पट्ट्यावरची गुणगुण पुढे कधीतरी सुरू झाली म्हणतात, पण मुलगा जवळ आला की आवाज अगदी हळू व्हायचा.

आणि ह्याला एक खोडच लागली. कुणीही खुर्चीत बसलं, नुसत्या कलमा नीट करायला आलेला असला, तरी हा स्टुलाकडे बोट करून सांगणार, "ते माझे वडील."

तात्या पट्ट्यावरून मान वर न करता म्हणायचे, "अरे, त्यांनी विचारलं नाही."