अक्कल मागणारा पाळक

ती घटना आठवली की आजही आधी माझे बूट आठवतात. पोलीस अ‍ॅक्शनला दोनेक वर्षं झाली होती. बायकांची झडती घ्यायला कुणी बाई हवी, म्हणून बीदरकडच्या आमच्या ठाण्यात मला घेतलं होतं. पगार किरकोळ, पण रुबाब असा, जणू हैदराबाद मीच जिंकलं.

खबर आली हुलसूरकडच्या एका गावातून: ख्रिस्ती वस्तीत दर रविवारी निजामासाठी प्रार्थना चालते. रजाकारांनी जाळलेल्या घरांच्या भिंती अजून काळ्या होत्या. एवढ्या खबरीवर सगळी वस्ती गावाबाहेर हाकलली गेली असती. अमीनसाहेबांनी, म्हणजे आमच्या फौजदारांनी, मला साध्या वेशात पाठवलं. साधा वेश म्हणजे मी लुगडं नेसले, डोक्यावर पदर घेतला आणि पायात सरकारी बूट तसेच ठेवले! चर्चच्या दारात सगळ्यांच्या वहाणांशेजारी ते काढून आत बायकांच्या चटईवर बसले. प्रार्थना सुरू झाली तशी शेजारची म्हातारी कुजबुजली, "पोलीसअक्का, एक डोळा उघडा ऱ्हायलाय तुझा. मीट की."

पाळक, म्हणजे त्या चर्चचा धर्मगुरू, म्हणत होता, "देवा, निजामसाहेबाला अक्कल दे. दिल्लीवाल्यालाबी दे." मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन ठाण्याकडे धावले. हुशारच ना!

पाळकाला बोलावलं. साठीचा, काटक माणूस. साहेबांनी विचारलं, "निजामासाठी कामून मागायलास, अप्पा?"

"गादीवर जो बसंल त्याच्यासाठी मागावं, असं आमचं शास्त्र सांगतंय, साहेब. रजाकार हुते तवा त्यांच्यासाठीबी मागितलं."

"रजाकारांसाठी?"

"त्यांना तर लईच लागत हुती."

साहेबांना हसू आवरेना. त्यांच्याच डोक्यावर भिंतीला निजामाचा फोटो होता, दिल्लीनंच नेमलेला राज्याचा राजप्रमुख म्हणून. गुन्हा कशाचा दाखल करणार?

राहिला प्रश्न खबरीचा. गावातलं दुसरं कुणी रविवारी त्या दारात पाय ठेवत नसे, आणि खबरीत प्रार्थनेचे शब्द जसेच्या तसे होते. साहेब म्हणाले, "आतलाच माणूस हाय." पाळक खाली बघत राहिला. वैऱ्यावर संशय असलेला माणूस तोंड उघडतो. खाली बघतो तो घरचं नाव लपवतो.

साहेबांनी त्याच्या मुलाला आणवलं. हा पोरगा सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून रजाकारांशी लढलेला. त्यानं लगेच कबूल केलं. "झेंडावंदनाला गावच्या कमिटीनं मला मागं ढकललं. आधी सांग, तू देशाचा का चर्चचा, म्हणले. मला दाखवायचं हुतं."

बाप एवढंच म्हणाला, "देशाचा व्हायला बाप कामून लागला रे?"

पाळक निर्दोष असल्याचं साहेबांनी गावाला कळवलं. प्रकरण मिटलं म्हणून मी खूश. कमिटीचे पुढारी म्हणाले, "मग निजामाचं नाव सोडा आणि प्रार्थनेआधी देशाचा जय म्हणा."

"जय म्हणताव की," पाळक म्हणाला. "पण अक्कल मागायचं सोडणार न्हाई. तुमच्यासाठीबी मागताव."

झालं! वस्तीचं विहिरीवरचं पाणी बंद झालं. तक्रार द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी वस्तीतल्याच लोकांनी हात जोडून पाळकाला जायला सांगितलं. तो गेला, तो परत आला नाही. मुलालाही कमिटीनं जवळ केलं नाही. "बापाची खबर देणारा उद्या आमची देईल," म्हणाले.

पुरावा दिला की माणूस सुटतो, असं मला तेव्हा वाटायचं. देशभक्तीचा पुरावा मागणाऱ्याला पुरावा नको असतो, त्याला मागत राहायचं असतं, हे त्या गावानं शिकवलं. पुढे कितीतरी झेंडावंदनांना मी तिथं बंदोबस्ताला गेले. तो मुलगा सगळ्यांत मागे उभा असे, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं जय म्हणत असे. कुणी वळून बघत नसे.