चिखल सोडणारे टायर

माझ्या चुलत भावाचा चेहरा मी जितका निरखून बघितला नसेल, तितके त्याच्या गाडीचे टायर बघितले आहेत. तेही लपून. गावी गेले की चप्पल काढायच्या निमित्ताने त्याच्या गाडीशेजारी वाकायचं, टायरच्या खाचांत बोट घालायचं, कंपनीचं नाव पुन्हा एकदा वाचायचं आणि मग घरात जाऊन सगळ्यांची विचारपूस करायची. शाळेत मुलांना मात्र मी रोज सांगते, दुसऱ्याच्या वहीत डोकावू नका.

आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, रंगही एकच. माझी शोरूममधून घेतलेली. त्याची कुणीतरी वापरून विकलेली, तिला पिवळी पाटी, कारण तो मळवली स्टेशनावरून पाहुण्यांना आजूबाजूच्या बंगल्यांवर सोडायचा धंदा करतो. तरीही माझे वडील, आबा, त्याच्या गाडीत बसतात आणि माझ्या गाडीत बसत नाहीत. माझं दुखणं एवढंच आहे आणि ते दोन वर्षं टिकलं आहे.

आबा मळवलीपासून थोडं आत, आमच्या गावात राहतात. भावाचं घर भिंतीला भिंत लागून, जेवण काकूकडे. आमचं भाताचं एक खाचर वर डोंगराच्या पोटाशी आहे. तिथवर कच्चा रस्ता जातो आणि शेवटी लाल, चिकट मातीचा एक चढ लागतो. आबांचे गुडघे गेल्यापासून त्यांना तो चढवत नाही. पण पावसाळ्यात बांध फुटला का, पाणी किती साठलं, हे आठवड्यातून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझा नवरा खंडाळ्याच्या एका हॉटेलात कामाला आहे, त्याला रविवारची सुट्टी कसली मिळते. म्हणून मी एकटीच लोणावळ्याहून गाडी काढायची आणि आबांना वर न्यायची. आबा पुढच्या सीटवर बसून काच खाली करायचे आणि कुणाची लावणी दाट झाली, कुणी दुसऱ्याचा बांध कोरला, हे सगळं मला सांगायचे. आठवडाभर मी त्या अर्ध्या तासाची वाट बघायची.

दोन वर्षांपूर्वी आषाढात त्या चढावर माझी गाडी घसरली. चाकं जागच्या जागी फिरली, मी आणखी रेस दिली, आणि गाडी हळूहळू मागे येत बांधाला टेकली. झालं काहीच नाही, मागचा दिवासुद्धा फुटला नाही. आबांनी दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरून ठेवला होता. मग ते सावकाश उतरले आणि खिशातून फोन काढून त्यांनी पुतण्याला बोलावलं. तो आला. आबा त्याच्या शेजारी बसले आणि तीच गाडी, म्हणजे माझ्याच मॉडेलची गाडी, माझ्या डोळ्यांदेखत तो चढ चढून गेली.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा ते दोघं वर गेलेले होते. त्याच्या पुढच्याही. मी काकूकडे चहा पीत बसायची. तासाभराने दोघं परत यायचे, पायांना चिखल, तोंडावर हसू, आणि अर्धवट राहिलेलं काहीतरी बोलणं चालू असायचं. मी विचारलं की आबा म्हणायचे, काही नाही गं, पाण्याचं बोलत होतो. ते पाण्याचं बोलणं आधी माझं होतं. मला राग यायचा, आणि तो आबांवर काढता येत नसल्यामुळे मी तो भावावर काढायची. त्याने हसून ताई म्हटलं तरी मला वाटायचं, हा जिंकल्याचं हसतोय. खरं सांगायचं तर मी जळत होते. पोरीच्या शेजारी गाडीत बसायची आबांना भीती वाटते, पुतण्याची वाटत नाही, हेही मनात येऊन गेलं आणि बरेच दिवस तिथेच मुक्काम करून राहिलं.

मग मी ठरवलं की हे सगळं टायरमुळे आहे. भावाच्या टायरवर ज्या कंपनीचं नाव होतं ते मी कधी ऐकलेलंही नव्हतं. तेच टायर घेतले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता, पण त्याच्या मागोमाग जाऊन त्याचेच टायर घेणं माझ्या जिवावर आलं. मला त्याच्यापेक्षा चांगले हवे होते. स्टाफरूममध्ये विषय काढला आणि पस्तावले. टायरची कंपनी म्हणजे ज्याचं त्याचं कुलदैवत. गणिताचे सर एकीचं नाव घेत, शिपाईमामा दुसरीचं, आणि मराठीच्या बाईंचे यजमान फोनवरून तिसरीचं. महिनाभर मी जेवताना टायरचे व्हिडिओ बघितले. ओल्या रस्त्यावर ब्रेक किती अंतरात लागतो, आवाज किती येतो, रबर मऊ की टणक, हे मला पाठ झालं. शेवटी मी एका परदेशी कंपनीवर बोट ठेवलं, सगळ्यात नावाजलेल्या.

तळेगावातल्या काचेच्या दरवाजाच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी विचारलं की मॅडम, गाडी जास्त कुठे चालते. मी सांगितलं, लोणावळा, तळेगाव, कधीमधी पुणे. कच्चा रस्ता वगैरे लागतो का, त्याने पुन्हा विचारलं. मी नाही म्हणाले. असं का म्हणाले ते मला तेव्हाही ठाऊक होतं. चढाचं नाव काढलं असतं तर त्याने मला कदाचित भावाचेच टायर दाखवले असते. त्यामुळे मी हायवेची गाडी सांगितली आणि त्याने मला हायवेचे टायर दिले, त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

हायवेवरून परत येताना गाडी इतकी शांत चालली की मी रेडिओ बंद करून नुसती ती शांतता ऐकत राहिले. रविवारी मी मुद्दाम सकाळी लवकर पोचले. भाऊ अजून दात घासत होता. आबांनी रीतीप्रमाणे नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि टायरला कुंकू लावलं. कुंकू लावता लावता त्यांचं बोट खाचेत शिरलं आणि तिथेच जरा थांबलं. मग ते म्हणाले, आवाज करत नसेल. मी म्हणाले, अजिबात नाही. मला ते कौतुक वाटलं. आबा माझ्या शेजारी बसले आणि आम्ही निघालो. भाऊ ओट्यावर तोंडात ब्रश धरून बघत उभा होता. मी त्याच्याकडे बघून हातसुद्धा केला.

सपाटीवर आबा बोलत होते. चढ लागला तसा त्यांनी डॅशबोर्ड धरला. निम्म्यावर गेलो आणि स्टीअरिंग हलकं लागायला लागलं, चाकं फिरत होती पण गाडी पुढे जात नव्हती. मी रेस द्यायला पाय दाबणार, तेवढ्यात आबांचा हात माझ्या हातावर पडला. थांबव, म्हणाले. ते उतरले, कुंपणाची एक काडी मोडली आणि वाकून टायरमधली माती उकरायला लागले. बारीक बारीक खाचा होत्या, चिखलाने गच्च भरलेल्या. सगळा टायर थापलेल्या भाकरीसारखा गुळगुळीत झाला होता. काडी मोडली, माती निघाली नाही. आबांनी खिशातून फोन काढला.

भाऊ आला. त्याने माझी गाडी आधी सांभाळून खाली सपाटीवर आणून दिली, हेही माझ्या नशिबी होतं. आबा त्याच्या गाडीत जाऊन बसले. मी त्याला बाजूला घेतलं आणि ज्या प्रश्नाने दोन वर्षं माझं डोकं खाल्लं होतं तो एकदाचा विचारला, की हे टायर तुला कुणी सुचवले.

तो गोंधळला. म्हणाला, "म्हंजी? आबांनीच निवडलं की ताई. मी त्यांना दुकानात घेऊन गेलतो. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मग त्याने सगळं सांगितलं. वडगावकडच्या दुकानात जाताना आबांनी या चढावरची माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतली होती. दुकानात पाणी मागून ती चांगली मळली. दुकानदाराला एकेक करत सहा टायर खाली काढायला लावले, प्रत्येकाच्या खाचांत माती अंगठ्याने दाबून भरली आणि टायर उचलून फरशीवर आपटले. ज्याच्यातली माती आपटल्यावर गळून पडली, तो घेतला. कंपनीचं नाव त्यांनी वाचलंही नाही. गावातल्या बैलगाड्यांना लाकडी चाकं जाऊन टायरची चाकं आली तेव्हाही ते असंच करायचे, निम्म्या गावाच्या गाड्यांचे जुने टायर त्यांनीच पारखून आणले होते. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी तेव्हा लोणावळ्याला मावशीकडे शिकायला होते.

मी गाडीच्या खिडकीशी गेले. विचारलं, "आबा, मला का नाही सांगितलंत?"

आबा समोर बघत होते. "तू इचारलं न्हाईस," ते म्हणाले. "तुला सगळं ठावं असतंय. त्यानं इचारलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतके दिवस मी समजत होते की आबांचा माझ्या हातावर भरवसा नाही. भरवसा माझाच नव्हता, त्यांच्यावर. महिनाभर मी शिपाईमामांपासून व्हिडिओंमधल्या परक्या देशातल्या दाढीवाल्या माणसांपर्यंत सगळ्यांना टायरबद्दल विचारलं होतं. ज्यांना वर न्यायचं होतं, त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि एवढं कळूनही भावाबद्दलची जळजळ कमी झाली नाही, उलट वाढली. आधी वाटायचं त्याच्याकडे टायर चांगले आहेत. आता कळलं की त्याने दुकानात आबांबरोबर एक अख्खी दुपार घालवली होती, माती मळत, हसत, त्या दुकानदाराला वेड लावत. तसली दुपार मला कुठे विकत मिळणार होती.

मी म्हणाले, "आबा, माझ्या गाडीला कुठले टायर घालावेत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "आगं, तुझं तर आत्ताच नवं हायत."

"तरी सांगा."

मग आबा भावाला म्हणाले की तिला एखादी पिशवी दे. त्याने डॅशबोर्डच्या खणातून एक चुरगळलेली पिशवी काढून दिली. तिच्या कोपऱ्यांत वाळलेली लाल माती अजून अडकली होती. मी तिथेच चढाच्या पायथ्याशी माती भरायला वाकले तर आबा म्हणाले, "हितली नगं. वरच्या खाचराच्या तोंडची घे. ती लय चिवट हाय. ती सोडली त टायर खरा."

वरच्या खाचराच्या तोंडापर्यंत जाऊ शकेल अशी गाडी तिथे एकच होती. आबा पुढच्या सीटवर बसलेले होते आणि त्यांनी काच खाली केली होती. मी पिशवी हातात धरून भावाच्या गाडीत मागे बसले.