न चाखलेले बटाटे

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या आमच्या डच शेजारणीनं नाताळच्या जेवणाला बोलावलं. ‘टर्की मी भाजते, तू सोबत काहीतरी सोपं करून आण,’ म्हणाली. सोपं! या एका शब्दानं चार दिवस माझं डोकं खाल्लं. आधी गाजराची कोशिंबीर ठरवली, मग वाटलं, ती पाणी सोडेल. मटारची उसळ ठरवली, पण टर्कीशेजारी ती कशी दिसेल, म्हणून तीही खोडली. सायकल काढून तीनदा सुपरमार्केटला गेले आणि तिन्ही वेळा बटाटेच घेऊन आले. नवरा म्हणाला, ‘अगं, साइड डिश आहे, लग्नाची पंगत नाही.’ मी त्याच्यावर खेकसले. शेवटी जिऱ्या-कढीपत्त्याच्या फोडणीचे बटाटे आणि फरसबीची भाजी केली, डबे भरले आणि शेजारी गेले.

शेजारणीनं बटाट्याचा पहिला घास घेतला. इथली माणसं मनात काही ठेवत नाहीत. ‘वास छान आहे,’ ती म्हणाली, ‘पण यात मीठच नाही. तू चाखून पाहिलं नाहीस?’

नव्हतं पाहिलं. आमच्या घरी सणाचा स्वयंपाक देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चाखत नाही. लहानपणी आईनं हातावर चापट मारून हे शिकवलंय. हा सण आपला नाही, आपल्याला तो जमायचा नाही, म्हणून मी चार दिवस जिवाला घोर लावून घेतला होता. हा सण परका आहे हे माझ्या हाताला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं; त्यानं सवयीनं न चाखताच डबे भरले होते.