फोनला हुं देणारी

"हुं."

आमच्या दुकानात फोनवर गोष्ट सुरू झाली, की कोपऱ्यातून हा आवाज यायचाच. सुई वर, दोरा दातात आणि दाताच्या फटीतून "हुं". गोष्ट सांगणारा मुंबईत की पुण्यात कुठं बसून बोलून गेलेला, तोही चार महिन्यांपूर्वी. त्याला काय कळणार! पण अक्काला हे सांगायची सोय नव्हती.

"त्याला कळू न्हाईतर न कळू. गोष्टीला तर कळतंय का न्हाई?"

सीमाभागातल्या मैलूरला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मी शिवते, सुनीता पिको-फॉल करते आणि हातशिलाई, म्हणजे हुक, काजं, तुरपाई, अक्काकडं असायची. सकाळी दारातच मी "जय भीम अक्का" म्हणायची, ती "शरणु शरणार्थी" म्हणायची, आणि चपला काढायच्या आत विचारायची, "आज कुणाला मारायलेत?"

सुनीताला तो पॉडकास्ट सापडला होता. जुन्या काळातले खरे खून, खरे खटले, पण नाटकासारखे रंगवलेले. कोण पळतंय, कोण रडतंय, मागं पैंजण, दार, बैलगाडी. आमचं दुकान त्याच्या नादाला लागलं ते लागलंच. एका मास्तरीणबाईंच्या ब्लाऊजला मी ऐन विषप्रयोगात उलटी बाही लावली. त्या भांडायला म्हणून आल्या, स्टुलावर बसल्या आणि खुनी सापडल्याशिवाय उठल्या नाहीत.

ऐकणाऱ्याची जात ऐकण्यावरून कळते बघा. तुमच्या आसपासही असतील असले नमुने. सुनीताचा संशय पहिल्या मिनिटापासून नवऱ्यावर. गोष्टीत नवरा नसला तरी म्हणायची, "कुटंतरी आसल की, निगल आता." मी आपली वकिलासारखी पुरावा धरून बसायची. अक्काला मात्र खुनी कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती गोष्ट संपल्यावर एकच विचारायची.

"पर ती जेवली व्हती का?"

"कोण?"

"मेली ती. घरातनं निगाली तवा पोटात काई व्हतं का न्हाई?"

सुरुवातीला आम्ही हसायचो. सुनीता म्हणायची, "अक्का, तिचा गळा चिरलाय आन् तुमी तिच्या जेवणाचं काय घेऊन बसलाव?" अक्का सुईत दोरा ओवत म्हणायची, "गळा कुणी चिरला ते पोलीस बगतील. ह्ये कोण बगनार?"

हुं देण्याचं तिनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. तिचं माहेर हुमनाबादजवळचं दुबलगुंडी. तिकडं गोष्ट सांगायची तर समोर हुं देणारं माणूस लागतं. हुं थांबलं, की ऐकणारा झोपला असं समजून सांगणारा गोष्ट तिथंच मोडतो. आणि मोडलेली गोष्ट म्हणे वाटेतच बसून राहते, कुणीतरी येऊन हुं म्हणेपर्यंत. म्हणून ही बया मधल्या जाहिरातींनाही हुं द्यायची. गादीची जाहिरात असो की मसाल्याची, "हुं. मग?" आम्ही पोट धरून हसायचो. निवेदकावर मात्र तिचा राग होता. "हुं म्हनायच्या आत पुढं पळायलाय मेला. ह्याला कुनी गोष्ट सांगायला शिकवलंय?"

एका दुपारी आमच्याच भागातला जुना खटला निघाला, साल काही सांगितलं नाही. हुमनाबादच्या रस्त्यावर बायकांना गाठून अंगावरच्या चांदीसाठी मारणारा एक माणूस. त्याच्या हातून मेलेल्या बायकांत एक अशी, की तिची ओळख कधी पटलीच नाही. कोरड्या विहिरीत सापडली, कुणी न्यायला आलं नाही. नाटकात ती बाजारातून घाईघाईनं घरी निघालेली होती. हातापाया पडत म्हणत होती, "सोडा हो मला, घरी पोरगी वाट बघतीय."

हुं आलं नाही.

मी मशीन थांबवलं. सुनीतानं वळून बघितलं. अक्काच्या मांडीवर कुणाचातरी अबोली ब्लाऊज होता, त्यावर तिचे दोन्ही हात तसेच पडले होते.

"पुन्ना लाव गं," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ते वाक्य येऊन गेल्यावर तिनं सांगितलं. तिची आई येळवसेच्या सणाआधीच्या बाजाराला, तीळ-गूळ आणायला हुमनाबादला गेली ती परत आलीच नाही. गावानं दोन दिवसांत ठरवून टाकलं, लॉरीवाल्याबरोबर पळाली. बापानं तोंड मिटलं, चुलत्यांनी नाव टाकलं. अक्का तेव्हा परकरी पोर. पुढं आयुष्यभर 'पळालेलीची पोरगी' हे तिच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. अगदी लग्नातसुद्धा वरातीतल्या बायका तोंडाला पदर लावून तेच बोलत होत्या.

"जाताना जेवली न्हवती," अक्का म्हणाली. "आल्यावर खाते म्हनली. तिच्या वाटनीची भाकर शिंक्यात तशीच व्हती. सांजच्याला मला भूक लागली, मी खाल्ली. मला काय म्हाईत, ती येनार न्हाई म्हनून."

त्या दिवशी सुनीतालासुद्धा कुठल्या नवऱ्याची आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अक्का धुवट लुगडं नेसून यायला लागली. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या आईचं लावलंय, बसा." सुनीतानं एकदा जपून सांगून बघितलं, "अक्का, ती रडणारी बाई नाटकातली हाय. पगार घेऊन रडायली ती."

"रडू दे की. आमच्या घरात तर कुनी रडलंच न्हाई."

मग ती म्हणायला लागली, की यंदा येळवसेला दुबलगुंडीला जाणार आणि भावाच्या शेतात, भरल्या पंगतीत सगळ्यांना सांगणार, आपली आई पळाली नव्हती, मारली तिला. तिचा तो भाऊ, सगळे त्याला अण्णा म्हणतात, आईचं नाव निघालं की ताटावरून उठणारा माणूस. आणि खटल्याचा मेळ बसला नाही तर? भर पंगतीत ही पुन्हा खोटी पडायची.

मी त्या पॉडकास्टवाल्यांना मेसेज टाकला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. माणूस भला असावा. त्यानं लिहिलं होतं, खटला निजामाच्या काळातला. संवाद आम्ही कल्पनेनं घातलेले. त्या बाईला मूलबाळ होतं की नाही, कागदात काहीच नाही. तुमच्या अक्कांना माझा नमस्कार सांगा.

नमस्कार सांगणं सोपं होतं हो! बाकीचं मी दोन दिवस पदराखाली घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी सुनीता चहा आणायला गेली तेव्हा अक्काच्या शेजारी खाली बसले आणि सांगून टाकलं.

"अक्का, ती तुमची आई न्हाई."

तिनं हातातलं काज पुरं केलं. दोरा तोडला.

"निजामाच्या टायमाची व्हय?"

"व्हय."

"मग माजी आई तवा सोता परकरात आसल." दुसरं हुक उचलत म्हणाली, "आन् ती पोरगी वाट बगायली म्हनते ते?"

"ते लिहिणाऱ्यानं मनानं घातलंय."

"चांगलं घातलं त्यानं," अक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. कशाला सांगितलं, असं झालं. पण डोळे पुसून तिनं विचारलं ते तिसरंच.

"तिला न्यायला खरंच कुनी आलं न्हाई?"

"न्हाई."

"अय्यो शिवा! मंजे तिचं ताट आजून कुनीच वाढलं न्हाई."

येळवसेला ती मला आणि सुनीतालाही घेऊन गेली. आमच्याकडं येळवस म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही, त्यानं एकदा यावंच. कडब्याची खोप करायची, शेताची पूजा करायची, मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही उपाशी जाऊ द्यायचा नाही, हाका मारून बसवायचा. जातीधर्माचं सुद्धा त्या दिवशी कुणी काढत नाही. निदान तोंडावर तरी.

पूजा झाली. पंगत बसणार एवढ्यात अक्कानं खोपीपाशी दोन ताटं मांडली आणि वाढायला घेतलं. पोराबाळांना वाटलं पाहुण्यांची असतील. अण्णा काठी टेकत आला. उंच, कोरडा म्हातारा, कानात जुनी बाळी.

"कुनाची ताटं ही?"

"येक त्या बाईचं. निजामाच्या काळात मेली, हितल्याच रस्त्याला. कुनी वळखलं न्हाई तिला."

"आन् दुसरं?"

अक्का वाढत राहिली. वाढणाऱ्या सुना थांबल्या. मी सुनीताचा हात धरला. तुम्हाला सांगते, आता हा म्हातारा ताट लाथाडणार, असंच मला वाटलं.

अण्णा खाली बसला. गुडघे धरून, कण्हत बसला. मडक्यात ओगराळं घातलं आणि दुसऱ्या ताटातली वाटी आंबिलीनं काठोकाठ भरली.

"आईला आंबील लई लागायची," तो म्हणाला.

अक्का म्हणाली, "उपाशी गेलती, अण्णा. तिची भाकर मी खाल्ली."

"म्हाईत हाय मला. आर्दी मला दिली व्हतीस."

आई पळाली की मेली, यातलं काहीच त्या दिवशी ठरलं नाही आणि कुणी ठरवायलाही बसलं नाही. सुना आल्या, ताटांना हात जोडून गेल्या. पंगत उठली तेव्हा अक्कानं दोन्ही ताटांतलं पाखरांना घातलं. परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत.

पुढल्या श्रावणात अक्का गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, चार दिवसांत संपलं. शेवटच्या दुपारी मी भेटायला गेले तेव्हा तिनं मलाच विचारलं, "जेवून आलीस का?" मी हो म्हटलं. खोटंच.

दुकानात फोन लागायचा, पण कोपरा गप्प. सुनीता मधेच मशीन थांबवायची आणि कान द्यायची. काही दिवसांनी आम्ही खुनांचं ऐकणंच बंद केलं.

येळवसेच्या आदल्या दिवशी अण्णाचा फोन आला. "ताई, उद्या दोगीबी या. आन् ते यंत्र आना, त्या बाईची गोष्ट लावायची."

गेलो. खोपीपाशी या वेळी तीन ताटं होती. अण्णानं तिन्ही आपल्या हातानं वाढली, आंबील वाढली, आणि मला म्हणाला, "आता लावा." मी फोन ताटांच्या मधे ठेवला. आवाज रानात बारीकच येत होता. बाजार, बैलगाडी, घाईघाईनं घराकडं निघालेली ती बाई. "सोडा हो मला, घरी पोरगी वाट बघतीय."

निवेदक क्षणभर थांबला. मी सवयीनं तिसऱ्या ताटाकडं बघितलं.

"हुं," अण्णा म्हणाला. "मग?"